मेंटेनन्स लावला की संगणक तापून बंद पडतो : निदान आणि उपाय

एरवी दिवसभर पत्रव्यवहार, बँकेची कामे आणि मुलांचा अभ्यास मुकाट्याने सोसणारा घरचा संगणक, व्हायरसचे पूर्ण स्कॅन, हार्ड डिस्कची तपासणी किंवा विंडोजचे मोठे अपडेट चालू केले की पंधरा-वीस मिनिटांत घोंगावू लागतो, कॅबिनेटची बाजू हाताला चांगलीच गरम लागते आणि अखेर पडदा काळा होऊन सगळा कारभार आटोपतो, ही तक्रार आमच्या बेळगाव भागात मला सतत ऐकायला मिळते. माझ्या स्वतःच्या संगणकाला हे दुखणे तीनदा झाले आणि तिन्ही वेळा कारण निराळे निघाले. पहिल्या खेपेचा उपाय दुसऱ्या खेपेला पुरला नाही, आणि दुसऱ्या खेपेच्या दुरुस्तीतूनच तिसरे दुखणे उद्भवले, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

मी वडगावात राहते आणि घरातूनच डीटीपीचे काम करते. मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका असे हे काम असल्यामुळे तुळशीच्या लग्नानंतर संगणकाला उसंत नसते. बेळगावला जुनी माणसे गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात, त्यामुळे ‘आपल्याकडे कुठे एवढा उन्हाळा असतो’ अशी सर्वांची समजूत असते, आणि माझीही होती. परंतु संगणकाच्या पोटातली हवा बेळगावची नसते. ती त्या पेटीचीच असते, आणि पेटीत काय काय साठले आहे यावर तिचे तापमान ठरते.

आधी हे मेंटेनन्सच्याच वेळी का होते ते समजून घ्यावे लागेल. टंकलेखन करताना किंवा इंटरनेटवर वाचताना प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामाच बसलेला असतो, आणि मधूनच क्षणभर काम करून पुन्हा विसावतो. पूर्ण स्कॅन मात्र प्रत्येक फाइल उघडून, झिप केलेल्या फायली आतल्या आत मोकळ्या करून तपासत असल्याने प्रोसेसरला तासन्‌तास दम घेऊ देत नाही. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरवर ६५ वॅट असे लिहिलेले असते, पण हलक्या कामात तो त्यातली थोडीच वीज खातो. जी वीज खातो ती सगळी अखेर उष्णताच होते, आणि अर्धवट तुंबलेला पंखा थोडी उष्णता बाहेर टाकू शकतो, पूर्ण टाकू शकत नाही. बेळगावच्या सपाट रस्त्यांवर वर्षभर न तापणारी जुनी जीप सावंतवाडीहून परतताना आंबोलीचा घाट चढू लागली की रेडिएटरमधून वाफा सोडते, तेव्हा आपण दोष घाटाला देत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र लोक घाटालाच दोष देतात, म्हणजे स्कॅन बंद करून ठेवतात, अपडेट पुढे ढकलत राहतात, आणि मूळ दोष तसाच राहून पुढे एखाद्या मोठ्या कामाच्या ऐन मध्यात उफाळतो.

खोलण्यापूर्वी मोजणे

स्क्रू काढण्याआधी संगणक नेमका कसा बंद पडतो याकडे लक्ष द्यावे, कारण बंद पडण्याच्या तऱ्हेवरूनच निम्मे निदान होते. संगणक मंदावतो, पंखा ओरडतो, माउस अडखळतो, पण बंद पडत नाही, तेव्हा प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवत असतो. फट्‌कन बंद पडतो आणि लगेच बटण दाबल्यास सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन पुन्हा मान टाकतो, पण अर्ध्या तासाने निमूट चालतो, तेव्हा उष्णतेचा संशय जवळजवळ पक्का समजावा. याउलट बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झाला, किंवा घरातला दिवा मिणमिणला त्याच क्षणी गेला, तर दोष बहुधा एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या पेटीत), यूपीएसच्या म्हाताऱ्या बॅटरीत किंवा विजेच्या दाबात असतो. तेव्हा संगणकाची कितीही सफाई केली तरी काही हाती लागत नाही.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘सिस्टीम’ या नोंदवहीत पाहिल्यास अशा बंद पडण्याची नोंद ‘कर्नेल-पॉवर’ या नावाने आणि ४१ या क्रमांकाने सापडते. या नोंदीवरून संगणक रीतसर बंद झाला नव्हता एवढेच कळते, कारण कळत नाही. ती पाहून ‘वीजपुरवठ्याचा दोष’ असे ठोकून देणारे दुरुस्तीवाले मला भेटलेले आहेत. ‘कर्नेल-प्रोसेसर-पॉवर’ या नावाची ३७ क्रमांकाची नोंद अधिक बोलकी असते. प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने (मदरबोर्डमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमने) रोखून धरला आहे असे ती सांगते, आणि मेंटेनन्सच्या वेळा व या नोंदींच्या वेळा जुळल्या तर उष्णतेच्या दिशेने शोध घ्यायला हरकत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसत नाही. त्यासाठी कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर यांसारखा छोटा मोफत प्रोग्रॅम आणि हार्ड डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो घ्यावा. संगणक सुरू करून दहा मिनिटे काहीही न करता ठेवावा, आकडा कागदावर लिहावा, खोलीचे तापमानही शेजारी लिहावे, आणि मग स्कॅन चालू करून पहिल्या, पाचव्या, दहाव्या व विसाव्या मिनिटाला आकडे टिपावेत. हा कंटाळवाणा प्रकार मी पहिल्या दोन खेपांना सुरुवातीलाच केला नाही आणि त्याची किंमत मोजली.

त्या आकड्यांतून काय वाचायचे, हा या सगळ्या लेखाचा गाभा आहे. स्कॅन सुरू होताच मिनिटभरात तापमान नव्वदच्या पुढे उडी घेत असेल, तर उष्णता प्रोसेसरमधून वरच्या धातूच्या ठोकळ्यात पोचतच नाही, म्हणजे तो ठोकळा (हीटसिंक) नीट टेकलेला नाही किंवा दोघांच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली आहे. तापमान पायरी-पायरीने चढत पंधरा-वीस मिनिटांनी धोक्याच्या पातळीला जात असेल, तर उष्णता ठोकळ्यात येते आहे पण तिथून बाहेर पडत नाही, म्हणजे धूळ, अडलेला पंखा किंवा कोंडलेली जागा हे कारण असते. प्रोसेसरचा आकडा ठीक राहून नुसती हार्ड डिस्कच तापत असेल तर तिचा विचार वेगळा करावा.

मर्यादा किती, असे विचाराल तर इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांना १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि एएमडी रायझनच्या बऱ्याच प्रोसेसरांना ९५ अंशांच्या आसपास स्वतःला आवर घालण्याची सोय असते. मी मात्र तिथवर जाऊ देत नाही. ८५ अंशांच्या वर दहा मिनिटे राहिला की काहीतरी बिघडले आहे असे मी धरून चालते. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कला उत्पादक सहसा ६० अंशांपर्यंत परवानगी देतात, पण ४५ ओलांडले की मी काम थांबवते. शिवाय खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की आतला आकडाही जवळपास तेवढाच वर सरकतो, म्हणून पौषात पास झालेला संगणक वैशाखात नापास होतो. मोजमाप एप्रिल-मेमध्ये दुपारी केले तरच त्यावर विसंबावे.

पहिली खेप : कापसाची गादी

आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत हे नवलाचे नाही. त्या मागांवरून उडणारे सुताचे तंतू खिडकी बंद असली तरी घरात येतात, पांढऱ्या भिंतीवर दिसत नाहीत, पण संगणकाचा पंखा ते दिवसभर ओढून घेत असतो. पहिल्या खेपेला मी कॅबिनेट उघडले, ब्लोअर मारला, लाल मातीचा एक ढग अंगणात उडाला आणि मी समाधानाने पेटी बंद केली. पुढच्याच रविवारी स्कॅन लावले आणि विसाव्या मिनिटाला संगणक पुन्हा बंद पडला.

चूक अशी होती की मी पंखा हीटसिंकवरून उतरवलाच नव्हता. दुसऱ्यांदा उघडल्यावर पंख्याचे चार हुक सोडवून तो बाजूला घेतला, तेव्हा पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये राखाडी रंगाची एक गोल चकती सापडली, अगदी पात्यांच्या आकाराची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी पातळ, आणि चिमट्याने एका कडेला धरून उचलली तर नमद्याच्या तुकड्यासारखी अखंड निघाली. पंखा वरून वारा मारत होता आणि तो सगळा वारा त्या चकतीवर आपटून बाजूला पळत होता. शेजारच्या मामांना ती दाखवली तर ते म्हणाले, “वैनी, हे आमचंच सूत हाय बघा, परत द्या की!”

सुताच्या तंतूंना ब्लोअर चालत नाही. वाऱ्याने ते निघत नाहीत, उलट पात्यांच्या फटींत आणखी घट्ट बसतात. पंखा उतरवून ते चिमट्याने उचलावे लागतात आणि राहिलेले मऊ रुंद ब्रशने खालून वर काढावे लागतात. जागोजागी धूळही वेगळी असते हे मला नंतर कळले. निपाणीला माझ्या भावजयीच्या माहेरी तंबाखूच्या वखारीमागे घर आहे, तिथल्या संगणकात तपकिरी रंगाचा चिकट लेप बसलेला होता आणि पेटी उघडताच शिंका सुरू झाल्या. तो लेप कोरड्या ब्रशने निघेना, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या ब्रशनेच सुटला. खानापूरकडे पावसाळ्यात धूळ कमी पण ओल अधिक असते, आणि उबेसाठी झुरळे व पाली एसएमपीएसच्या जाळीत मुक्काम करतात.

सफाईची रीत थोडक्यात सांगते. प्लग काढून घ्यावा, मग चालू करण्याचे बटण एकदा दाबून आत राहिलेला विद्युतभार संपवावा, पेटी घराबाहेर न्यावी, आणि आतल्या कशालाही हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने किंवा पेन्सिलीने अडवून धरावे, कारण भन्नाट फिरल्याने त्याचे बेअरिंग जाते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरण्याचा मोह होतो, पण त्या हवेसोबत पाण्याचे आणि तेलाचे तुषार येतात, पावसाळ्यात तर हमखास येतात, म्हणून तो टाळावा. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो. बाहेरून जाळीतून हलकासा वारा मारण्यावर समाधान मानावे.

दुसरी खेप : कोंडलेली पेटी

सफाईनंतर हिवाळा छान गेला आणि एप्रिल उजाडताच दुखणे परतले. या वेळी कॅम्पातल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवले. त्याने पाच मिनिटे पाहून ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावे लागेल’ असे निदान केले आणि मी मान डोलावली. फॉरमॅटनंतर नव्या विंडोजने एकामागून एक अपडेट उतरवले, सगळ्या फायलींची सूची नव्याने बनवायला घेतली, आणि संगणक पूर्वीपेक्षा जास्त तापू लागला! ही सूची बनेपर्यंत दोन-तीन दिवस प्रोसेसरवर भार राहतो हे स्वाभाविक आहे, परंतु त्या वेळी मला ते ठाऊक नव्हते आणि मी नसते तर्क करत बसले.

खरे कारण डोळ्यांसमोर होते. माझे संगणकाचे टेबल त्या जुन्या पद्धतीचे आहे, ज्यात कॅबिनेटसाठी खाली तीन बाजूंनी बंद आणि पुढे काचेचे दार असलेला खण असतो. कॅबिनेट पुढून थंड हवा घेते आणि मागून गरम हवा टाकते. माझ्या खणात मागून टाकलेली गरम हवा फळीवर आदळून परत पुढे येत होती आणि तीच पुन्हा आत ओढली जात होती. त्यात भर म्हणून सासूबाईंनी क्रोशाने विणलेले कव्हर धूळ बसू नये म्हणून कॅबिनेटवर घातलेले असे, आणि मी रात्री स्कॅन लावून झोपताना ते काढायचे विसरत असे.

हे कारण आहे की नाही ते तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे कॅबिनेटची डावी बाजू उघडून, पेटी टेबलाबाहेर काढून, तेच स्कॅन पुन्हा चालवणे. आकडा दहा अंश किंवा अधिक उतरला तर हवा कोंडते आहे हे सिद्ध झाले. माझा चौदा अंशांनी उतरला. पुष्कळ जण यानंतर बाजू कायमची उघडीच ठेवतात आणि समोर टेबलफॅन लावतात, ते मला पटत नाही. धूळ, सूत आणि पाल यांना ते उघड आमंत्रण असते, आणि हवेचा पुढून मागे जाणारा ओघही मोडतो. सुताराकडून खणाची मागची फळी कापून घेतली, काचेचे दार काढले, आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, एवढ्यावर काम भागले. मागचा पंखा हवा बाहेर टाकतो आहे ना, हे तिथे एक कागदाचा कपटा धरून पाहावे. माझ्या ओळखीत एकाकडे तो उलटा बसवलेला निघाला होता आणि दोन वर्षे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

तिसरी खेप : तुटलेली पिन

याच उत्साहात मी प्रोसेसरवरची पेस्टही स्वतः बदलली, आणि इथे घोडे पेंड खाऊ लागले. काही महिने सारे ठीक चालले. मग एका रविवारी स्कॅन लावले आणि चाळीस सेकंदांत आकडा ९६ वर. आधीच्या दोन खेपांना तिथवर पोचायला पाव तास लागत असे. धूळ नव्हती, पेटी मोकळ्यावर होती, पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, आणि गंमत म्हणजे पंख्याखालची ॲल्युमिनियमची पाती हाताला गार लागत होती. प्रोसेसर शंभरीला टेकलेला असताना त्याच्या डोक्यावरचा ठोकळा गार राहतो, याचा अर्थ दोघांची गाठच पडत नाही.

इंटेलच्या खोक्यात येणारा गोल हीटसिंक चार प्लॅस्टिकच्या पुश-पिनांनी मदरबोर्डला धरलेला असतो. पांढऱ्या नळीच्या टोकाला दोन पायांसारखी फट असते, ती मदरबोर्डच्या छिद्रातून खाली गेली की काळी सळई आत घुसून ते पाय फाकवते आणि पिन अडकते. पिनेच्या डोक्यावर जो बाण कोरलेला असतो, तो काढण्याची दिशा दाखवतो. बसवताना डोके बाणाच्या उलट दिशेने फिरवून ठेवायचे असते आणि मग समोरासमोरच्या पिना जोडीने, तिरक्या क्रमाने, खट्‌ असा आवाज येईपर्यंत दाबायच्या असतात. मी पेस्ट बदलताना बाणाचा अर्थ उलटा लावला होता, एक पिन जोर लावून रेटली होती आणि तिच्या पायाला चीर गेली होती. उन्हाळाभर तापून-निवून ती चीर वाढली आणि पाय तुटला. वरून पाहता चारही डोकी सारखी दिसत होती, पण मदरबोर्ड काढून मागून पाहिले तर तीन छिद्रांतून पांढरे पाय फाकलेले होते आणि चौथे रिकामे होते. हीटसिंक उचलल्यावर पेस्टचा ठसाही तेच सांगत होता. एका बाजूला ती पसरून पातळ झाली होती, आणि तुटक्या पिनेच्या कोपऱ्यात जशीच्या तशी जाड राहिली होती. केसभर फट, पण ती पुरेशी होती.

चार पिनांचा संच सुटा मिळतो. मिळाला नाही तर आखा कूलरच बदलावा, तो काही फार महाग नसतो. पेस्ट बदलताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण पुसून घ्यावी, आणि नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी ठेवावी. पुरणपोळीवर तूप घालतो तशी सढळ हाताने घालू नये. एएमडीच्या एएम-फोर सॉकेटच्या (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेच्या) बोर्डांवर आणखी एक जपावे लागते. कूलर सरळ वर ओढल्यास सुकलेल्या पेस्टबरोबर प्रोसेसरच सॉकेटमधून उपसून येतो आणि त्याच्या बारीक पिना वाकतात. त्यासाठी संगणक आधी दहा मिनिटे चालवून पेस्ट कोमट करावी, बंद करून प्लग काढावा, आणि कूलर उचलण्याआधी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून सैल करावा.

या दुरुस्तीनंतर माझ्या संगणकाचा विसाव्या मिनिटाचा आकडा ६६ अंश आला, मे महिन्यात, दुपारी.

मेंटेनन्स कसा चालवावा

शारीरिक दोष दूर झाल्यावरच सेटिंगांकडे वळावे. आधी नव्हे, कारण सेटिंग बदलून दोष झाकता येतो आणि तो झाकला गेला की वाढत जातो. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथून ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’, पुढे ॲडव्हान्स्ड सेटिंगांत ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ आणि त्यात ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ असा मार्ग आहे. तिथे १०० ऐवजी ९९ टक्के केले तरी सहसा टर्बो बूस्ट (प्रोसेसरचे काही वेळ जादा वेगाने धावणे) थांबतो आणि तेवढ्यानेच तापमान चांगले उतरते. मी मेंटेनन्ससाठी ८० टक्क्यांची वेगळी योजना बनवून ठेवली आहे, ती स्कॅनपुरती निवडते आणि काम संपले की मूळ योजनेवर येते. स्कॅनला थोडा वेळ जास्त लागतो, एवढेच. काही नव्या लॅपटॉपांवर हा पर्याय दिसत नाही, तिथे निर्मात्याच्या प्रोग्रॅममधली ‘शांत’ किंवा ‘सायलेंट’ अवस्था वापरावी.

विंडोज १० मध्ये आपोआप होणाऱ्या देखभालीची वेळ मुळात पहाटे २ ची ठेवलेली असते. आपण रात्री संगणक बंद करतो, त्यामुळे ती वेळ हुकते आणि मग दिवसा आपण चहाला किंवा जेवायला उठलो, संगणक रिकामा दिसला, की तुंबलेली सगळी कामे एकदम सुरू होतात. भर दुपारी कुणी हात लावत नसताना संगणक का भणभणतो, या कोड्याचे उत्तर बहुधा हेच असते. ही वेळ ‘सिक्युरिटी अँड मेंटेनन्स’मध्ये जाऊन बदलता येते. मी सकाळी ६ ची केली आहे, तेव्हा खोली गार असते आणि मी स्वयंपाकघरात असते.

विंडोजसोबत येणारे डिफेंडर ठरलेल्या वेळेच्या स्कॅनमध्ये प्रोसेसरचा सरासरी ५० टक्क्यांपर्यंतच वापर करण्याचे धोरण ठेवते, परंतु आपण हाताने बटण दाबून चालू केलेले स्कॅन ही मर्यादा पाळत नाही. उन्हाळ्यात हाताने पूर्ण स्कॅन लावण्याऐवजी टास्क शेड्युलरमधून पहाटेची वेळ ठरवून द्यावी. एरवी दर आठवड्याला क्विक स्कॅन पुरते; पूर्ण स्कॅन महिन्यातून एकदा किंवा कुणाचा संशयास्पद पेन ड्राइव्ह लावल्यावर करावे. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नयेत, दोघे एकमेकांच्या फायली तपासत बसतात आणि ताप आपल्याला होतो. रजिस्ट्री साफ करणारे आणि वेग दुप्पट करण्याचे वचन देणारे बूस्टर मी कुणालाही सुचवत नाही.

एका वेळी एकच काम चालवावे, आणि काम कोणत्या डिस्कवर चालले आहे हे पाहावे. एसएसडीला (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कला) डीफ्रॅगची, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणण्याची, गरज नसते. विंडोजचे ‘ऑप्टिमाइझ’ तिथे ट्रिमचे (पुसलेल्या फायलींची जागा मोकळी असल्याचे डिस्कला कळवण्याचे) काम करते आणि ते क्षणात उरकते. फिरत्या हार्ड डिस्कची खोल तपासणी मात्र प्रत्येक सेक्टर (तबकडीवरचा छोटा कप्पा) वाचते. सेकंदाला सरासरी १०० मेगाबाइट या वेगाने १ टेराबाइट वाचायला पावणेतीन तास लागतात, आणि डिस्क आजारी असेल तर कितीही. तेवढा वेळ डिस्कवर हवा खेळती हवी, आणि यूपीएस भरवशाचा हवा. आमच्याकडे वळीव आला की वीज जाणारच असे धरून चालावे, म्हणून आकाश भरून आलेले असताना डिस्कची दुरुस्ती किंवा मोठे अपडेट मी सुरूच करत नाही. उष्णतेने बंद पडलेला संगणक थंड झाल्यावर उठतो, पण लिहिण्याच्या मध्येच वीज गेलेली डिस्क उठेलच असे नाही.

लॅपटॉपला वरचे निदान जसेच्या तसे लागू आहे, फरक इतकाच की त्याचा श्वास खालून असतो. गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवून अपडेट लावू नये. मागची कड दोन पुस्तकांनी उचलावी. तळ फुगल्यासारखा किंवा टचपॅड वर आल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगली आहे असे समजून चार्जर लगेच काढावा आणि तो मेंटेनन्सचा प्रश्नच समजू नये.

एवढे सगळे करूनही कोणतेही स्कॅन किंवा अपडेट चालू नसताना प्रोसेसर सतत ९०-१०० टक्क्यांवर दिसत असेल, आणि टास्क मॅनेजर उघडताच तो आकडा गुपचूप खाली येत असेल, तर तिथे खरोखर व्हायरसचा संशय घ्यावा. डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधीच चालणारे) चालवावे. तशी वेळ माझ्यावर आलेली नाही.

कॅबिनेटच्या डाव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे, त्यावर सफाईची तारीख, खोलीचे तापमान, आणि रिकाम्या अवस्थेतला व विसाव्या मिनिटाचा आकडा लिहिलेला असतो. मागांच्या शेजारामुळे मला दर दोन महिन्यांनी पंखा उतरवावा लागतो. टिळकवाडीतल्या बहिणीला वर्षातून दोनदा पुरते. खंडेनवमीला घरोघर हत्यारे पुसतात तेव्हा तिची एक पाळी आपोआपच होते, पण पूजेनंतर झेंडूचा हार कॅबिनेटच्या मागच्या जाळीवरून काढून घ्यायला सांगावे लागते. गेल्या वर्षी तिच्या पंख्यात अडकलेल्या पाकळ्या मी चिमट्यानेच काढल्या.